सरकारचं शाश्वत शेतीचं धोरण चांगलं आहे हो, पण त्यात आमचा बांध कुठे बसतो?

उकडे_तांदूळ (रविवार, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवेना म्हणून धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं शेत फोंडा तालुक्यात, खाडीकाठाला. खाजन. बाबा कूळ, मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारा, पेरणीला आणि कापणीला रजा टाकतो एवढीच माझी शेती. तर गेल्या महिन्यात वाड्यावरचे आम्ही पाचजण नैसर्गिक शेतीच्या केंद्राच्या योजनेची चौकशी करायला एका सरकारी कचेरीत गेलो. तिथला मुलगा चांगला होता, खोटं का बोला, चहा पाजला, क्लस्टर म्हणजे काय, जीवामृत कसं करायचं, कृषी सखी येऊन काय शिकवेल, सगळं नीट समजावून सांगितलं. बाबा गप्प ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "ह्यात बांध कोण घालणार?"

मुलगा म्हणाला, बांध आमच्या टेबलावर नाही, तो मृदसंधारणवाल्यांकडे. बांधातल्या मानशीचं (पाणी सोडायच्या वाटेचं) दार सडलंय? ते तुमच्या टेनंट असोसिएशननं बघायचं, नाहीतर मामलेदाराकडे जा. आत मासे येतात त्याचं? मत्स्योद्योग खातं. पडीक कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) खारफुटी उगवलीय? तिला हात लावू नका, ते वन खातं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, शेत एक आणि टेबलं चार, आणि चहा फक्त पहिल्या टेबलावर.

तर प्रश्न असा. जून ते ऑक्टोबर भात आणि नंतर मासे-सुंगटं (कोळंबी), असं एकाच जमिनीतून वर्षभर अन्न काढायची रीत आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे, खत जवळजवळ नाही, पंप नाही, वीज नाही. याहून शाश्वत ते काय असतं? मग दिल्लीच्या कागदावर आमचं शेत शेती आहे की मत्स्य? की दोन्हींत नाही?

नुस्तेखाऊ (रविवार, रात्री १०:३१)

पहिला! धोरण मागाहून बघू, आधी सांगा खाजनातली सुंगटं कुठे मिळतात.

पेठेतला_पंत (रविवार, रात्री ११:०५)

पुणेकराचा अडाणी प्रश्न, हसू नये. खाजन म्हणजे खारफुटीचं जंगल ना? आम्ही गोव्याला येतो तेव्हा फेरीबोटीतून हिरवं दिसतं ते?

मानशीवरचा (सोमवार, सकाळी ६:५०)

पंत, हसत नाही, पण अर्धं गोवा पण आता तेच समजतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याखालची जमीन बांध घालून मिळवलेली. मांडवी, जुवारी अशा नद्यांच्या आणि त्यांच्या फाट्यांच्या काठाने अशी साधारण १८,००० हेक्टर जमीन आहे, आणि तिचा बराचसा भाग भरतीच्या पाणपातळीच्या खाली आहे, म्हणजे बांध फुटला की शेत गेलं, इतकं सरळ. बांध मातीचा, चिखल आणि पेंढा थापून, तोंडाला जांभ्या दगडाचं काम. बांधाबाहेर खारफुटी असते ती लाटा अडवते, ती फेरीबोटीतून तुम्हाला दिसते. आणि बांधात मध्येच मानस. लाकडी दारं असतात, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, सुकतीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. आतल्या बाजूला खोलगट पोंय, त्यात पाणी साठतं, मासे वाढतात. रात्री सुकतीच्या वेळी मानशीला जाळं लावलं की शेवटो, काळुंदर, थिगूर असले मासे, सुंगटं, जे काय नशिबात असेल ते.

पाऊस पडला की पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन जातो, मग मोड आणलेलं भात पेरायचं. पूर्वी कोरगूट, आसगो, हे खार सोसणारे वाण. कोरगूट उंच वाढतं आणि पडतं, उतारा कमी, पण खारं पाणी दोनचार दिवस आत आलं तरी मरत नाही. जुने गोवे इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १, गोवा धान २ असे वाण काढलेत, ते जास्त पिकतात.

किती जुनं म्हणाल तर बांदोड्याला सापडलेल्या कोकण मौर्यांच्या ताम्रपटात खज्जन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे, बांध घालायचा या अटीसकट. सहाव्या शतकाच्या आसपासची गोष्ट. म्हणजे उकडेबाब, तुमच्या बाबांचा प्रश्न दीड हजार वर्षांचा आहे, तेव्हाच्या राजाने तो कागदावर नाही, तांब्यावर लिहून सोडवला होता.

आकडेमोड्या (सोमवार, सकाळी ११:४५)

मानशीवरचा, झकास. मी कागदाची बाजू मांडतो.

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. खर्च २,४८१ कोटी, त्यात केंद्राचे १,५८४ आणि बाकी राज्यांचे. देशभर १५,००० क्लस्टर, ७.५ लाख हेक्टर, १ कोटी शेतकरी. भागाकार करा, एक क्लस्टर ५० हेक्टरचा पडतो. दुसरीकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, सप्टेंबर २०२० पासून, २०,०५० कोटींची. आणि मंत्रालयं २०१९ पासून वेगळी, त्याआधी मत्स्यव्यवसाय कृषी मंत्रालयाच्याच पोटात होता.

दोन्हीकडे पैसे आहेत. पण पहिल्या योजनेत एकक म्हणजे शेतकरी, त्याचा सातबारा म्हणा, तुमच्याकडे एक-चौदा. दुसऱ्या योजनेत एकक म्हणजे लाभार्थी, त्याची होडी, त्याचं तळं, त्याचं शीतपेटीवालं वाहन. बांध ना ह्याचा ना त्याचा. सामाईक गोष्टीला आधार कार्ड नसतं.

कायतरीच (सोमवार, दुपारी १२:०२)

"सामाईक गोष्टीला आधार कार्ड नसतं" हे टीशर्टवर छापा कोणीतरी

वाडीवरची_बाय (सोमवार, दुपारी ३:१५)

मी सत्तरीतली, आमचं कुळागर, म्हणजे बागायत. माडी (सुपारी), माड, केळी, मिरी, जायफळ, एकाखाली एक, पाण्याला पाट. जीवामृत मी गेली तीन वर्षं करते आहे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. माझी सासू पहिल्यांदा बघून म्हणाली होती, बेसन आणि गूळ गोठ्यात नेतेस आणि आम्हाला चतुर्थीला लाडू मोजून. आता तीच ढवळते.

फायदा आहे का, तर आहे, माती भुसभुशीत झाली, गांडुळं दिसतात. खर्च कमी झाला हे नक्की. पण माझी खरी अडचण खत नाहीच, खेती आहेत. पंत विचारायच्या आधीच सांगते, खेती म्हणजे माकडं. शहाळी पाडतात, केळीचा कोका खातात, आणि खाली रात्री रानडुक्कर, गवे. त्यांना विषमुक्त अन्न फार आवडतं असा माझा अनुभव. शेजारच्याने काजूच्या जागेत भाजी लावायची सोडली ती खत महाग म्हणून नाही, उगाच त्यांना जेवण घालायचं म्हणून. धोरणात "जैवविविधता" शब्द पानापानावर असतो, तो रात्री दोन वाजता येऊन केळी उपटून जातो हे लिहिणाऱ्याला कोणी सांगावं.

मीटर_चालू (सोमवार, संध्याकाळी ७:४०)

सॉरी पण मला हे सगळं नैसर्गिक प्रकरण पटत नाही. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, नोव्हेंबरात मागे घ्यावी लागली, भात कोसळलं, तांदूळ आयात करायची वेळ आली. दीडशे कोटी लोकांना गूळ-बेसन पाजून पोसणार का? एलिट लोकांचे चोचले.

वाडीवरची_बाय (सोमवार, रात्री ८:१०)

मीटरबाब, मी एलिट? माझ्या पायाला चिखल बघायला या एकदा.

आकडेमोड्या (सोमवार, रात्री ९:००)

श्रीलंकेचं उदाहरण बरोबर आहे पण धडा वेगळा. तिथे एका रात्रीत सक्ती झाली. सिक्कीमने तेच काम २००३ पासून पायरीपायरीने केलं आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झालं. अर्थात सिक्कीमला भाताची टंचाई भासली तर ट्रक सिलीगुडीहून येतो, तेही खरं. आणि आपला ट्रक चोर्ला घाटातून येतो, बेळगावची भाजी घेऊन. म्हणजे "गोवा सेंद्रिय झाला" म्हटलं तरी आपल्या ताटातली मिरची बेळगावच्या फवारणीवरच.

शिवाय युरियाची ४५ किलोची पिशवी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत पडते, उरलेला पैसा केंद्र भरतं. एका हाताने युरिया स्वस्त ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने सांगायचं वापरू नका, असं धोरण आहे सध्या.

रापणीचा_दोर (सोमवार, रात्री ११:३०)

शेतीवाल्यांचं झालं असेल तर जरा दर्यावर या. धाग्याच्या विषयात अन्नउत्पादन आहे म्हणून लिहितो. आमची आता होडी नाही पण आजोबा रापणकार, किनाऱ्यावरून रापण म्हणजे मोठं जाळं ओढणारे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, सरकारी कर्जावर, सबसिडीवर, तेव्हा तेच धोरण होतं, उत्पादन वाढवा. किनाऱ्याजवळचं नुस्तें, म्हणजे मासळी, ओरबाडून नेलं. मग रापणकारांचं आंदोलन, माथानी साल्ढाणा आणि बाकी लोक, उपोषणं, मोर्चे. त्यातून किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांना राखून ठेवणारा १९८० चा कायदा आला. कायदा आला ना, बेश्ट. पण रात्री मीरामारला उभे राहून बघा किती आत दिवे दिसतात.

एलईडीचंच घ्या. जनरेटर लावून प्रखर दिवे पाण्यात सोडायचे, लहानमोठं सगळं नुस्तें उजेडाला जमतं, एका जाळ्यात उचलायचं. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला ईईझेडमध्ये (देशाच्या हक्काच्या समुद्रात) बंदी घातली, बुल ट्रॉलिंगलाही, म्हणजे दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढण्यालाही. १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे केंद्राचा. बोट १२ मैलांची रेघ ओलांडून इकडे आली की म्हणते मी तिकडे होते, तिकडे गेली की म्हणते मी इकडे होते. उकडेबाब तुमच्या चार टेबलांसारखंच, फक्त टेबलं पाण्यावर तरंगतात.

१ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मासेमारी बंद, ती आम्ही पाळतो आणि पाळायलाच पाहिजे. पण उरलेले दहा महिने बोटाएवढे बांगडे, पेडवे धरून फिशमीलला (माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्यांना) विकले तर ६१ दिवसांनी काय होणार. केरळाने जातीप्रमाणे किमान लांबी ठरवून दिली, तारल्याला १० सेंटिमीटर, बांगड्याला १४. खाली असला तर धरायचा नाही, विकायचा नाही. फूटपट्टी लागते फक्त.

नुस्तेखाऊ (मंगळवार, सकाळी ८:०५)

आमची ही बाजारात १४ सेंटिमीटरवाली फूटपट्टी घेऊन गेली तर नुस्तेंकान्न (मासेवाली) ती तिच्याच डोक्यात घालेल.

बाकी २०१८ चा जुलै आठवतो का? फॉर्मेलिनचं प्रकरण. पंधरा दिवस बाहेरच्या माशांवर बंदी होती, आमच्या घरी भेंडी आणि दोडगी. तेव्हा कळलं आपण गोंयचं म्हणून खातो त्यातलं किती आंध्र-ओडिशाहून बर्फात येतं. बायकोने त्या पंधरा दिवसांत सोलकढीचे सात प्रकार केले.

कायतरीच (मंगळवार, सकाळी ८:२०)

सात प्रकार इथे टाकणे, वेगळा धागा काढणे

पावणीदार (मंगळवार, रात्री १०:५०)

मी लिहू का नको करत होतो. मी मानस पावणीवर घेतो. पंतांसाठी, पावणी म्हणजे लिलाव, मानशीला जाळं लावायचा वर्षाचा हक्क. म्हणजे पुढच्या पाच प्रतिसादांत ज्याला शिव्या पडणार आहेत तो मी. त्या आधीच बोलून घेतो.

हो, काही पावणीदार भरतीला दार उघडं ठेवतात, खारं पाणी जास्त आत घेतात, मासे जास्त मिळतात, शेतं खारावतात. बांध मुद्दाम फोडल्याच्या गोष्टी पण खऱ्या आहेत काही ठिकाणच्या. मी नाही फोडला, पण फोडणाऱ्याबरोबर चहा प्यायलोय. आता माझा हिशेब ऐका. पावणी एका वर्षाची. पैसे आगाऊ मोजायचे, बहुतेक वेळा व्याजाने काढलेले. पुढच्या वर्षी मानस माझ्याकडे राहील याची खात्री नाही. तर एका वर्षात पैसे काढणारा माणूस पुढच्या वर्षीच्या भाताची काळजी का करील? तुम्ही भाड्याच्या स्कूटरला ऑइल बदलता का?

आणि दुसरं, जास्त झोंबेल ते. आमच्या इथे कुळांमधले अर्ध्याहून जास्त लोक शेत पेरतच नाहीत. मजूर नाही, हार्वेस्टर चिखलात रुततो, मुलगा दुबईत किंवा बोटीवर, रेशनचा तांदूळ मिळतो, सगळी कारणं मला मान्य आहेत. पण पावणीच्या पैशाची वाटणी होते त्या दिवशी सगळे हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. न पेरणाऱ्याला खारं पाणी आलं काय नि गोडं काय. त्याला पावणीची रक्कम मोठी पाहिजे, आणि रक्कम मोठी पाहिजे म्हणजे मासे जास्त पाहिजेत, म्हणजे दार उघडं पाहिजे. मग दार मी एकटा उघडतो का सांगा.

मानशीवरचा (मंगळवार, रात्री ११:२५)

कडक लिहिलंत. पूर्वी हे असं नव्हतं त्याचं कारणही हेच. गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था, बांधाचा खर्च पावणीतून आधी काढायची, उरलं तर जोन म्हणजे वाटा. पोर्तुगीज गेल्यावर कूळ कायदा आला १९६४ चा, कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झालं, माझे आजोबाही कूळच. पण बांधाची जबाबदारी टेनंट असोसिएशनकडे आली आणि शिस्त तेवढी वाटेत कुठेतरी सांडली. दिल्लीत बसून हे कोणाला दिसणार.

उकडे_तांदूळ (मंगळवार, रात्री ११:५०)

पावणीदार, पहिल्यांदा वाचून डोकं तापलं, रिप्लाय लिहिला, खोडला. तुम्ही आमच्या गावचे नाही एवढंच बरं.

पण उद्या सकाळी बांधावर जातोय, मोजून येतो किती कुणगे पेरलेले होते ते.

मालवणातून (बुधवार, सकाळी १०:१०)

सिंधुदुर्गातून सलाम. तुम्हाला वाटत असेल सरकारने बांध आपल्या ताब्यात घेतले की प्रश्न सुटला, तर आमच्याकडे या बघायला. महाराष्ट्रात खारभूमीला स्वतंत्र कायदा आहे १९७९ चा, स्वतंत्र यंत्रणा आहे, बांध सरकारी. तरी आमच्या मामाच्या गावचा बांध फुटून सहा वर्षं झाली. पूर्वी बांध फुटला तर गाव रात्रीत कंदील घेऊन धावायचं, आता म्हणतात सरकारी बांध आहे, सरकार बघेल. अर्ज द्यायला मात्र धावतात. तेव्हा बांध मागताना जपून मागा, मिळेल एखादवेळ.

कोचीत_अडकलेला (बुधवार, दुपारी १:३०)

मूळचा डिचोलीचा, नोकरीने कोचीला. इकडे अगदी खाजनाचं भावंड आहे, पोक्कळी. पावसाळ्यात खार सोसणारं भात, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत झिंगे. भाताची धाटं तिथेच सोडतात, ती कुजून झिंग्यांना खाणं, आणि झिंग्यांची घाण पुढच्या भाताला खत. "एक भात, एक मासा" हे इथे राज्याचं धोरणच आहे, आधी भात लावा मग मासे. पोक्कळी तांदळाला २००८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. आणि शेजारचं कुट्टनाड, समुद्रसपाटीच्या खालची शेती, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) जागतिक कृषी वारशात २०१३ पासून आहे. भारतातून त्या यादीत काश्मीरचं केशर, ओडिशाचं कोरापुट आणि हे कुट्टनाड.

म्हणून गोड चित्र आहे असं नाही. इकडेही काही मालकांना भात नकोच असतं, बारा महिने झिंगे पाहिजेत, त्यावरून भांडणं, कोर्टकचेऱ्या. पावणीदारांचा हिशेब मल्याळममध्येही तोच निघतो.

वकिलीणबाई (बुधवार, संध्याकाळी ६:४५)

कायद्याची बाजू थोडी. २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यासाठी खास भाग होता, त्यात खाजन जमिनींचे नकाशे करून संरक्षण आणि व्यवस्थापन आराखडा, खाजनात विकासकामं नाहीत, असं स्पष्ट होतं. झिंग्यांच्या मोठ्या तळ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९६ चा निकाल आहे, किनारपट्टीच्या क्षेत्रात व्यापारी कोळंबी तळी बंद करायला सांगितली, पारंपरिक पद्धतींना सूट दिली. म्हणजे खाजन त्या सूटीत. आणि २०२३ चा गोव्याचा कायदा, भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी.

उकडे, तुमच्या खारफुटीच्या मुद्द्यावर. साखळी अशी असते, दार सडतं किंवा उघडं राहतं, खारं पाणी येतं, दोन-तीन वर्षं पेरणी होत नाही, कुणग्यात खारफुटी उगवते, मग ती संरक्षित, तोडली तर गुन्हा. शेतकरी म्हणतो माझं शेत, वन खातं म्हणतं आमचं जंगल, दोघेही आपापल्या कायद्याने बरोबर. आणि तिसरा माणूस तोपर्यंत कुंपणाबाहेर उभा राहून भाव विचारतो. माझ्याकडे येणाऱ्या केसेस बहुतेक या तिसऱ्या माणसापासून सुरू होतात.

मीटर_चालू (बुधवार, रात्री ८:३०)

गोव्याच्या नगर नियोजन कायद्याची १७(२) आणि ३९अ ही कलमं विसरलात की. कृषी धोरण एका खात्याने लिहायचं आणि नगर नियोजनाने झोन बदलायचा. सगळे सारखेच आहेत, ह्या सरकारने तर

संपादक (बुधवार, रात्री ८:५५)

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. पक्षांची नावं काढायची असतील तर राजकारणाचा विभाग वेगळा आहे. इथे भात आणि मासे.

पेठेतला_पंत (बुधवार, रात्री ९:२०)

इतकं ज्ञान एका धाग्यात! आता एक खादाड प्रश्न, हे कोरगूट खायला कसं लागतं आणि पुण्यात मिळेल का?

वाडीवरची_बाय (बुधवार, रात्री ९:४५)

लाल, जाड, उकडा करायचा. पेज करा, सोबत खारातलं आंबट तोर किंवा सुक्या बांगड्याची किसमूर, बस्स. मधुमेहवाले शोधत येतात हल्ली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कधीमधी एखादीकडे असतं, दुकानात विचाराल तर ज्योती देऊन कोरगूट सांगतील. पुण्यात माहीत नाही, पण येताना कोणाला तरी सांगा, एसटीतून पिशवी येते.

रापणीचा_दोर (बुधवार, रात्री १०:१५)

मगरींचं कोणीच काढलं नाही? कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेत ना भरपूर. पौष अमावास्येला फोंड्याकडच्या खाजनवाल्या गावांत मातीची मगर थापून पूजा करतात, मानगें थापणी, बांध राख आणि आम्हालाही राख म्हणून. उकडेबाब, पाचवं टेबल ते.

उकडे_तांदूळ (शनिवार, रात्री ९:३०)

मोजून आलो, आणि काल बैठक पण झाली, म्हणून उशीर.

आमच्या बाजूच्या ६२ कुणग्यांत गेल्या पावसाळ्यात पेरलेले २३. पडीकांपैकी चार आमच्याच घरातले, काकांचे, ते वास्कोला असतात. पावणीच्या वाटणीला येतात, इस्त्रीचा शर्ट घालून. पावणीदार, शब्द मागे घेतो म्हणजे मनातल्या मनात दिलेले.

बाबांनी बैठकीत दोन गोष्टी मांडल्या. पावणी एक वर्षाऐवजी तीन वर्षांची करा, आणि जून ते ऑक्टोबर दाराची दोरी पेरणाऱ्यांच्या हातात. वाटणीआधी बांधाचा खर्च काढायचा, मानशीवरच्यांनी लिहिलं तसं, हेही मी घुसवलं. तास-दीड तास आरडाओरडा. तीन वर्षांच्या पावणीला नियम आडवा येतो म्हणून एकाने अडवलं, तो पडीकवाला. खर्च आधी काढायचं मात्र मान्य झालं, तेही यंदापुरतं. दाराच्या दोरीचं पुढच्या बैठकीत.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. त्या कचेरीतल्या मुलाला परत फोन केला. तो म्हणाला, क्लस्टरला नाव द्या, २३ तर २३, शेजारच्या वाड्यावरचे मिळवून ५० हेक्टर होत असतील तर बघू. पण फॉर्ममध्ये पीक म्हणून फक्त भात लिहा, मासे लिहू नका, त्याला रकाना नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, लिही भात, शेवट्यांना वाचता येत नाही.

पावणीदार (शनिवार, रात्री १०:०५)

तीन वर्षांची पावणी कोणी दिली तर दार माझ्या खर्चाने बसवीन, लिहून घ्या. आणि नवं दार करताना फायबरचं कोणी सुचवेल, हलकं असतं, लहान भरतीला नीट मिटत नाही असा माझा अनुभव. लाकूडच बघा.

आकडेमोड्या (शनिवार, रात्री १०:२०)

रकाना नाही हे लेखी घ्या त्याच्याकडून. किंवा निदान अर्जाला वेगळं पान जोडा, मासे त्यावर. पान हरवेल, पण आवक नंबर राहतो.

नुस्तेखाऊ (शनिवार, रात्री १०:३२)

एवढं सगळं झालं, माझा पहिल्या दिवसाचा प्रश्न तसाच. सुंगटं??

उकडे_तांदूळ (शनिवार, रात्री १०:४०)

येत्या अमावास्येच्या रविवारी सकाळी सात वाजता. बांधाला चिखल थापायचाय, माणसं कमी पडतायत. दुपारपर्यंत टिकलात तर सुंगटांचं हुमण आणि कोरगुटाचं शीत आमच्याकडे. पत्ता व्यनि करतो.

नुस्तेखाऊ (शनिवार, रात्री १०:४४)

गमबूट लागतील का अनवाणी चालेल?

वाडीवरची_बाय (शनिवार, रात्री १०:५१)

अनवाणीच. गमबूट चिखलात राहतो, पाय तेवढा वर येतो.